काकूंची खिडकी

आमच्या गेममध्ये एक उद्ध्वस्त शहर आहे. ते कुठल्या देशातलं, तिथं कोण कुणाशी कशासाठी लढतंय, हे बनवणाऱ्यांनी कुठंतरी लिहून ठेवलं असेल. आम्ही कधी वाचलं नाही. बंदुका, बँडेज आणि धुराचे गोळे घेऊन आम्ही चौघं दर रविवारी सकाळी तिथं उतरायचो आणि समोरच्यांना हुसकावून चौक ताब्यात घ्यायचो. निदान प्रयत्न तरी करायचो.

नकाशावर जागांची नावं छापलेली आहेत. नॉर्थ ब्लॉक, वॉटर टॉवर, स्कूल, असली. ती आम्ही सुरुवातीलाच मोडीत काढली. गोळ्या सुटत असताना नॉर्थ कुठं आणि साउथ कुठं हे आम्हाला आठवत नसे, पण घाटकोपरची आमची जुनी बिल्डिंग आम्ही झोपेतही फिरू शकत होतो. म्हणून त्या परक्या शहराला आम्ही आमच्याच आवारातली नावं दिली. वॉटर टॉवर म्हणजे टाकी. दोन घरांमधला अंधारा बोळ म्हणजे मीटरबॉक्स. शाळेसमोरच्या पडक्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची खिडकी म्हणजे काकूंची खिडकी.

काकू बारा नंबरच्या. त्यांच्या खिडकीतून सगळं आवार दिसायचं. कोण कुणाबरोबर आलं, कुणाच्या पिशवीत काय आहे, कोण सिगरेट ओढून बडीशेप चघळतोय, सगळ्याची नोंद व्हायची आणि संध्याकाळपर्यंत ती मजल्यामजल्यावर पोचायची. आम्ही पोरं खाली खेळत असलो आणि वर पडदा हलला, की सगळे मिळून ओरडायचो, "काकू, दिसतंय!" पडदा झटकन सरळ व्हायचा. मग आम्ही पोट धरून हसायचो. काकू आता नाहीत आणि बिल्डिंगही नाही. रिडेव्हलपमेंटला दिली, पाडली, आणि त्या जागेवर बरीच वर्षं नुसते पत्रे उभे आहेत. पत्र्यांवर नव्या टॉवरचं चित्र आहे, तेही आता उन्हानं पांढरं पडलंय.

बिल्डिंग पडल्यावर माणसं भाड्याच्या घरांत पांगली. आमच्या चौघांपैकी एक जण मुलुंडला गेला, एक वाकोल्याला, मैत्रीण लग्न करून आधीच कांदिवलीला होती. मी आणि आई घाटकोपरलाच राहिलो. खेळताना आम्ही एकमेकांना याच नावांनी हाका मारायचो. "मुलुंड, डावीकडे बघ." "कांदिवली, तू पुढं जाऊ नकोस, एवढ्या लांबून तुला उचलायला कोण येणार!" मुलुंडचे वडील मालवणकडचे, त्यामुळे तो घाबरला की मालवणीत जायचा. कांदिवलीचं माहेर बुलढाण्याकडचं. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, तिच्या आईनं केलेली खीर आम्ही चौघं लहानपणी एकाच पातेल्यातून खायचो. वाकोला एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरचा तंत्रज्ञ, बोलणं कमी. भेटायचं ठरवलं की कुणाची ड्युटी, कुणाचं मूल आजारी, कुणाची सासू आलेली. गेल्या दोन दिवाळ्या आम्ही समोरासमोर भेटलेलो नव्हतो. रविवारचा गेम तेवढा राहिला होता, आणि तो गेला तर माझं म्हणावं असं कुणी उरणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

पथकाची प्रमुख मी. कुणी निवडून दिलं नव्हतं, पण कुणीतरी शिस्त लावायला हवी ना. मी काकूंच्या खिडकीत लांब पल्ल्याची बंदूक घेऊन बसायची आणि खालच्या तिघांना सूचना द्यायची. सर्वांत मोठी कटकट बटणांची होती. या गेममध्ये एका बटणानं फक्त आपल्या पथकाशी बोलता येतं. दुसरं बटण दाबलं तर जवळ उभा असेल त्या प्रत्येकाला ऐकू जातं, मग तो शत्रू का असेना. आमची माणसं हटकून दुसरं दाबायची. शत्रू भिंतीपलीकडं असायचा आणि मुलुंड भसाड्या आवाजात विचारायचा, "खंय आसत रे ते?" की बसल्या गोळ्या. मी ओरडायची, "बटण बघा! किती वेळा सांगायचं, बटण बघा!"

माझं पोटही संशयावरच चालतं. अंधेरीला एका आरोग्य विम्याच्या कंपनीत मी क्लेम तपासते. ताप खरंच होता का, असला तर ॲडमिट व्हायची गरज होती का, हे बघायचं माझं काम. लोकांना वाटतं खोटं बोलणारा माणूस गडबडतो. तसं नसतं. खोटं बोलणारा न विचारलेलं सांगतो.

दर शनिवारी दुपारी मी आईला गुडघ्यांच्या व्यायामासाठी विक्रोळीला नेत असे. एका शनिवारी तिथली बाई रजेवर होती, म्हणून घरी बसून होते. कंटाळून गेम उघडला. आम्ही ज्या सर्व्हरवर खेळायचो तो काही हौशी मंडळी चालवतात. मराठी-हिंदी बोलणारी माणसं, बरीचशी याच शहरातली. मी कुठल्यातरी अनोळखी पथकात शिरले आणि पहिल्या पाच मिनिटांत जखमी होऊन शाळेसमोरच्या इमारतीत जिन्याखाली जाऊन पडले. बाहेर पावलं वाजली. मग एका बाईचा आवाज, अगदी अनोळखी, पण स्वच्छ मराठीत म्हणाला:

"काकूंच्या खिडकीत आहे वाटतं एक. थांबा, मी टाकीकडनं येते."

आपलं नाव घातलेलं पातेलं दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात दिसावं, तसं झालं मला. काकूंची खिडकी हे नाव या जगात चार माणसांना माहीत होतं. म्हणजे आमच्यातलं कुणीतरी दुसरीकडं खेळत होतं, आणि नुसतं खेळत नव्हतं, आमची नावंही तिकडं वाटत होतं. मला इतका राग आला की बँडेज बांधायचं राहिलं आणि मी जिन्याखालीच मेले.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी काहीच बोलले नाही. नुसतं ऐकत होते. आणि एकदा असं ऐकायला लागलं की सगळंच वेगळं ऐकू येतं. कांदिवली मध्येच जांभई देत होती. म्हणजे काल बराच वेळ खेळली असणार. वाकोल्यानं सवय असल्यासारखा टाकीमागचा रस्ता घेतला, तो तर कधी तिकडून जात नसे. मुलुंडनं मला जखमी झाल्यावर उचललं आणि म्हणाला, "चल गो, ऊठ." इतक्या प्रेमानं? का? एरवी चार शिव्या घालून उचलतो.

मग मी प्रत्येकाला वेगवेगळा फोन केला. सहज म्हणून.

"काल काय करत होतीस गं?" मी कांदिवलीला विचारलं.

"काल? काही नाही यार. भाजी आणली, मग दही लावलं, नणंद आलीय ना राहायला, तिच्यासोबत जरा बसले, मग ह्यांचे शर्ट इस्त्रीला दिले. का गं?"

भाजी, दही, नणंद, शर्ट. एवढं कुणी विचारलं होतं?

मुलुंड म्हणाला, "माका काय्येक आठवत नाय." मी म्हटलं, अरे कालचं विचारतेय. तर म्हणाला, "कालचाच आठवत नाय, आता वय झाला."

वाकोला म्हणाला, "ड्युटी होती." एवढंच. आवाजावरून माणूस ओळखायची माझी सगळी विद्या त्या दोन शब्दांत बुडाली. तोच असेल असं मला वाटलं. मग वाटलं, शांत माणसावर संशय घेणं फार सोपं असतं. मग पुन्हा वाटलं की तोच.

मी तिघांचं लास्ट सीन बघायला लागले. कांदिवलीनं ते बंद करून ठेवलं होतं. ते आधीपासून बंद होतं की आत्ता केलं, हे मला आठवेना आणि त्याचाच जास्त त्रास झाला. जेवताना आई म्हणाली, "सारखं फोनमध्ये काय बघतेस? कोण आहे गं तो?" मी म्हटलं कुणी नाही. आई म्हणाली, "चांगला असला तर सांग हो." पुढचे चार दिवस ती माझ्याकडं आशेनं बघत होती.

बुधवारी मला युक्ती सुचली. ऑफिसात आम्ही कधीकधी असं करतो: एकच गोष्ट प्रत्येकाला जरा वेगळी सांगायची आणि कुठली आवृत्ती बाहेर येते ते बघायचं. नकाशात शाळेमागं पत्र्याची एक शेड आहे, तिला आम्ही नाव दिलेलं नव्हतं. मी मुलुंडला फोन करून म्हटलं, "त्या शेडला आता पिठाची गिरणी म्हणायचं. बाकीच्यांना मी सांगितलंय." कांदिवलीला सांगितलं, इस्त्रीवाला. वाकोल्याला सांगितलं, रेशनचं दुकान. तिघंही बरं म्हणाले. गिरणी ऐकून मुलुंडला तर भरून आलं. गिरणीवाला दळणात मूठभर पीठ मारायचा आणि त्याची आई दर वेळी तिथं कशी भांडायची, ते त्यानं पुन्हा सगळं सांगितलं. मी हसले नाही. मी ऐकत होते, कुठं चुकतो का ते.

शनिवारी आईला शेजारच्या वहिनींबरोबर रिक्षात बसवून दिलं. ऑफिसचं काम आहे म्हटलं. आईनं माझ्या नव्या कुर्त्याकडं बघितलं आणि मग वहिनींकडं बघितलं. मी आत येऊन दार लावलं. कुणी ओळखू नये म्हणून गेममध्ये नवा आयडी काढला, हेडफोन घातला आणि शहरात उतरले. माझं अनोळखी पथक चौकाकडं पळालं. मी मात्र सरळ जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेले आणि खिडकीत आडवी झाले. शेड तिथून नीट दिसते.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग शाळेच्या कोपऱ्यावरून चार माणसं वाकत-वाकत आली आणि माझ्या खिडकीच्या अगदी खाली भिंतीला टेकून बसली. आवाज स्वच्छ येत होता. अर्थातच चुकीचं बटण.

"गिरणीत कोणीतरी शिरला बघा," एक भसाडा आवाज म्हणाला.

तर मुलुंड निघाला! मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. तेवढ्यात दुसरा आवाज आला.

"गिरणी कुठली?"

"ती काय, पत्र्याची शेड."

"अरे तो इस्त्रीवाला आहे ना!"

कांदिवली. हा आवाज मी पहिलीपासून ओळखते.

"इस्त्रीवालो खंय? गिरणी हा ती."

"मला घाटकोपरनं सांगितलं, इस्त्रीवाला म्हणायचं."

"माका पण तिनाच सांगल्यान. गिरणी."

मग तिसरा आवाज आला, सावकाश, दोन-दोन शब्दांचा. "मला रेशन दुकान म्हणाली."

तिघंही असतील हे माझ्यासारख्या बाईच्याही डोक्यात आलं नव्हतं. एकाचा गुन्हा मी धरून चालले होते. एकाला खडसवायचं, त्यानं ओशाळायचं, बाकीचे दोघं माझ्या बाजूनं उभे राहतील, इथपर्यंत माझी तयारी होती.

"तिनं आपल्याला चेक केलं," कांदिवली म्हणाली. "तिघांना तीन नावं. बघितलंस? क्लेम तपासतेय ती आपला."

"कोण घाटकोपर?" गेल्या खेपेचा तो अनोळखी बाईचा आवाज. ही नणंद असणार. म्हणजे दही, भाजी, शर्ट, सगळं खरंच होतं.

"अगं आमची आहे ती. एकाच बिल्डिंगमधली आम्ही. ही सगळी नावं तिनंच ठेवलीयत."

"मग तिला घ्या ना खेळायला. माझ्यापेक्षा बरी खेळत असेल."

"लय भारी खेळते ती," वाकोला म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं मोठं कौतुक मी समोर कधी ऐकलं नव्हतं.

"मग?"

कांदिवलीनं बंदूक पुन्हा भरली. "ती रविवारी असते ना. रविवारी आम्ही खेळतोच तिच्याबरोबर." मग म्हणाली, "ती असली की हसता येत नाही गं. काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत राहतं."

"बटण बघा!" मुलुंड माझ्या आवाजात म्हणाला. हुबेहूब. सगळे खो-खो हसले, नणंदसुद्धा, आणि ते हसू मला ओळखीचं होतं. आवारात, खिडकीखाली उभं राहून, आम्ही असंच हसायचो. रविवारी मात्र ते कित्येक महिन्यांत ऐकू आलं नव्हतं आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. माझं लक्ष बटणांवर होतं.

मला रडू आलं. राग तर आलाच होता, तो अजून आहे. माझ्या पाठीमागं वेगळा दिवस ठरवायचा, आई ज्या दिवशी व्यायामाला जाते तो बरोबर हेरायचा, आणि वर माझीच नक्कल करायची! पण राग एकटा आला असता तर बरं झालं असतं. बंदुकीच्या दुर्बिणीत चौघांची डोकी एका ओळीत दिसत होती. माझ्या त्या दिवसाच्या अनोळखी पथकातला कुणीतरी कानात ओरडत होता, "दुसऱ्या मजल्यावर कोण आहे? मार ना, मार ना त्यांना!" माझं बोट चापावर होतं. मी मारलं नाही. मारलं असतं तर त्यांना नुसतं शेजारच्या चौकातून पुन्हा उतरावं लागलं असतं, पण माझ्याच्यानं झालं नाही.

मी जरा मागं सरकले. बंदुकीची नळी हलली असावी, कारण खाली एकदम शांतता झाली. मग मुलुंडचा आवाज वर आला. मोठ्यानं, हेल काढून, लहानपणी ओरडायचो तसा.

"काकू, दिसतंय!"

तो खिडकीतल्या कुणा परक्या शत्रूला चिडवत होता की त्याला कळलं होतं, हे मला आजही माहीत नाही. बाकीचे या वेळी हसले की नाही, तेही ऐकलं नाही. मी हेडफोन काढून टाकला आणि कॉम्प्युटर सरळ बटण दाबून बंद केला. थोड्या वेळानं आई परत आली. माझे लाल डोळे बघून तिनं चहा टाकला आणि म्हणाली, "जाऊ दे. असतात असे पुरुष."

रविवारी सकाळी मी नेहमीच्या वेळी गेम उघडला. पथकात माझं नाव आणि खाली तीन रिकाम्या जागा होत्या. कुणी येणार नाही असं मी धरून चालले होते आणि तरी उठत नव्हते. आधी वाकोला आला. मग मुलुंड. शेवटी कांदिवली आली आणि म्हणाली, "सॉरी हां, जरा उशीर झाला." एरवी ती कधी सॉरी म्हणत नसे.

तीन नावांबद्दल कुणी विचारलं नाही. शनिवारबद्दल मी विचारलं नाही. माफी कुणीच मागितली नाही. माझंच चुकलं असं मला वाटत नव्हतं, आणि त्यांचंच चुकलं असंही आता ठामपणे म्हणवत नव्हतं. आम्ही उतरलो. मी खिडकीत गेले नाही, त्यांच्याबरोबर खालीच राहिले. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, पण ओरडायची वेळच आली नाही. तिघांनीही एकदासुद्धा चुकीचं बटण दाबलं नाही. आम्ही कधी नव्हे इतकं नीट खेळत होतो.

शाळेजवळ पोचलो तेव्हा वरून गोळ्या आल्या. आम्ही चौघं भिंतीमागं बसलो.

"कुठून आल्या?" मी विचारलं.

"नॉर्थ ब्लॉक," कांदिवली म्हणाली. "सेकंड फ्लोअर, तिसरी विंडो."

मला आधी कळलंच नाही ती कुठली जागा सांगतेय. मग मुलुंड म्हणाला, "मी वॉटर टॉवरकडून जातो." साधी, शुद्ध मराठी. वाकोला म्हणाला, "मी शेडपाशी थांबतो." शेड. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून कुणी टाकी म्हटलं नव्हतं, मीटरबॉक्स म्हटलं नव्हतं. रविवार त्यांनी माझ्यासाठी ठेवला होता. नावं तेवढी ते शनिवारकडं घेऊन गेले होते.

"काकूंची खिडकी ना?" मी म्हटलं.

"हो," कांदिवली अगदी अदबीनं म्हणाली. "तीच."